ठाण्यातल्या जुन्या घराला पेंटर नेमताना

गणपतीच्या महिनाभर आधी ठाण्यात चांगला पेंटर मिळत नाही, आणि जो लगेच मिळतो तो घेऊ नये. वडिलोपार्जित घर हातात आलं की किंवा रिसेलचा फ्लॅट घेतला की बहुतेकांना हाच मुहूर्त सुचतो, कारण गणपतीत पाहुणे येणार असतात. पण जून ते सप्टेंबर इथल्या भिंती पाणी पिऊन बसलेल्या असतात. त्या वेळी लावलेली पुट्टी वरून कोरडी दिसते, आत ओलीच राहते आणि मार्चपर्यंत तिचे पोपडे सुटायला लागतात.

दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. त्यातही एक मेख आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या पेंटरच्या टोळ्यांत उत्तर प्रदेश, बिहारचे कारागीर खूप. दिवाळी झाली की सहाव्या दिवशी छठपूजा, म्हणजे अर्धी टोळी गावाला. होळीलाही तेच. त्यामुळे पेंटरशी बोलणी दसऱ्याच्या आसपास सुरू करावीत आणि काम छठ आटोपून माणसं परतल्यावर सुरू करावं. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळेच घाईत असतात. एकेक टोळी चार-चार घरं धरून बसते आणि आज इथे दोन तास, उद्या तिथे दोन तास असा खेळ चालतो.

आधी भिंत स्वतः बघा

पेंटरला बोलावण्याआधी एक रविवार भिंतींसाठी काढा. जुनं घर म्हणजे सगळीकडे एकच भिंत नव्हे. नौपाडा, चरई, खारकर आळी या भागांत जी थोडी जुनी घरं आणि चाळी उरल्या आहेत, त्यांच्या भिंती पुष्कळदा चुन्याच्या गिलाव्याच्या असतात आणि त्यावर वर्षानुवर्षांचे चुन्याचे हात. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींत सिमेंटचा गिलावा, वर डिस्टेंपरचे थर. सिडको स्थापन झाली १९७० साली, तेव्हा वाशीतल्या सुरुवातीच्या इमारतींचं वय तुम्हीच मोजा. दोन्हींवर एकच इलाज सांगणारा पेंटर असेल तर तिथेच शंका घ्यावी.

तळहात भिंतीवर घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वरचा थर चुन्याचा किंवा जुन्या डिस्टेंपरचा आहे आणि तो पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर काहीही टिकणार नाही. मग नाण्याने किंवा किल्लीने जागोजागी ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर गिलाव्याने विटेची साथ सोडली आहे. अशा जागांवर खडूने गोल करून ठेवा, पुढे हिशेबाला उपयोगी पडतात.

ओल कुठे आहे याला सगळ्यात महत्त्व. जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांत असेल तर ती जमिनीतून वर चढते आहे. तिथे पांढरा लोणाही धरलेला दिसेल. लोणा पाण्याने धुवायचा नाही, क्षार विरघळून परत भिंतीतच जातात; कोरड्या ब्रशनेच झाडायचा. छताच्या कोपऱ्यात असेल तर वरची गच्ची, कौलं किंवा पत्रे. भिंतीच्या मध्यावर आणि पलीकडे बाथरूम असेल तर नळाची पाइप किंवा टाइल्सचे सांधे. खिडकीच्या कडेला असेल तर बाहेरून छज्जाला भेग आहे का पाहा. नक्की कळत नसेल तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल आतून येते आहे.

ही ओल पेंटरची नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. आधी प्लंबर, गवंडी किंवा कौलं चाळणारा माणूस, मग पेंटर. ‘वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, ओल गायब’ असं जो म्हणतो, तो ओल दोन फूट बाजूला सरकवतो एवढंच. सोसायटीत राहत असाल तर गच्चीची गळती, बाहेरची सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइन यांची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने होते. घरांतर्गत गळती ज्याची त्याची. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी हे बोलणं कठीण असतं, पण रंग लावण्याआधीच करावं. लावल्यानंतर ते भांडण होतं.

एक गोष्ट मात्र ना पेंटरची ना गवंड्याची. बीम किंवा स्लॅबला सळईच्या रेषेत लांब भेग, तांबूस गंजाचे ओघळ, किंवा काँक्रीट पडून सळई उघडी दिसत असेल तर काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका हद्दीत संरचनात्मक तपासणी कायद्यानेच लागते. असल्या भेगेवर पुट्टी भरणं म्हणजे ती लपवणं.

जुन्या दारा-खिडक्यांच्या ऑइल पेंटबद्दलही सांगायला हवं, कारण हे पेंटर सांगत नाहीत. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारे नियम २०१६ सालचे, आणि त्यांची अंमलबजावणी नोव्हेंबर २०१७ पासूनची. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासलं की त्याची धूळ होते आणि ती लहान मुलांना सगळ्यात वाईट. म्हणून दारं-ग्रिल ओलं करून घासून घ्यायची, त्या दिवसांत पोरांना आजीकडे पाठवायचं आणि संध्याकाळी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. चाळीच्या छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्यावर तारेचा ब्रश कुणालाही फिरवू देऊ नका.

पेंटर कुठे शोधायचा

रस्ते चार. ओळखीतून, रंगाच्या दुकानातून, सकाळच्या नाक्यावरून, किंवा कंपनीच्या सेवेतून.

नाक्यावरची माणसं रोजंदारीची. ग्रिल रंगवायला, कंपाउंडला सिमेंट पेंट मारायला ठीक. आख्खं जुनं घर त्यांच्या हाती देऊ नये. कामात ती कमी असतात म्हणून नव्हे. उद्या तोच माणूस परत येईल याची खात्री नसते म्हणून. एशियन पेंट्स, बर्जर अशा कंपन्यांची स्वतःची पेंटिंग सेवा आहे. मोजमाप नीट होतं, कागद मिळतो, वॉरंटी असते. पण वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा, ओल आणि भिंतीचे मूळ दोष त्यातून बाहेर ठेवलेले असू शकतात, आणि जुन्या घरात तर तेच असतात. प्रत्यक्ष हात लावणारा कारागीर शेवटी कुठल्यातरी ठेकेदाराचाच असतो, तेव्हा त्याचंही काम बघा.

माझा कल दुकानाकडे. जांभळी नाक्याजवळ असो वा नेरुळला, जे रंगाचं दुकान वर्षानुवर्षं चालू आहे, त्याच्या मालकाला कुठला पेंटर माल मोजून नेतो आणि कुणाच्या तक्रारी येतात हे पक्कं ठाऊक असतं. तो आपल्याच ब्रँडचा माल खपवणार हे गृहीत धरा, पण नाव सहसा बरं देतो.

नाव मिळालं की फोनवरचे फोटो बघत बसू नका. ताज्या रंगाचा फोटो कुणाचाही छानच येतो. एकच मागणी करा: ‘दोन पावसाळे झालेलं तुमचं काम दाखवा.’ ज्याच्याकडे असं एकही घर नाही, किंवा असून न्यायला तयार नाही, त्याला चहा द्या आणि नमस्कार करा.

भेटीला आल्यावर तो काय बघतो

चरईतल्या एका तळमजल्याच्या घरी एकाच दिवशी दोन पेंटर आले होते. पहिल्याने उंबऱ्यातूनच चारी बाजूंना नजर फिरवली, मोबाइलवर शेड कार्ड उघडलं आणि घरच्या ताईंना हायलाइट भिंतीला कुठला रंग हवा ते विचारलं. ‘हो जायेगा शेठ, टेन्शन मत लो’ हे तो इतक्यांदा म्हणाला की घरातले हसायला लागले. दुसरा आत आला, चप्पल काढली आणि उकिडवा बसला. स्कर्टिंगच्या वर अंगठ्याचं नख गिलाव्यात रुतवलं, आलेली भुकटी बोटांवर चोळली, मग विचारलं, ‘काका, या भिंतीमागे मोरी आहे का?’ होती. त्याचा दर चौरस फुटाला पहिल्यापेक्षा जास्त होता. काम त्यालाच मिळालं आणि बरोबरच झालं.

तुम्हीही एवढंच बघा. जुन्या घरात रंगाचे दोन हात मारणं हे शेवटचं आणि सोपं काम. खरवडणं, गिलावा भरणं, पुट्टी, घासकाम यांतच बहुतेक मजुरी आणि बहुतेक दिवस जातात. जो पेंटर भिंतीबद्दल आधी बोलतो त्याला हे माहीत आहे. जो शेडबद्दल आधी बोलतो तो नेमकं हेच काम गाळणार.

दोन-तीन प्रश्न तुम्ही विचारा. जुना रंग पूर्ण खरवडणार की नुसता घासणार? चुन्याच्या गिलाव्यावर काय लावणार? (इथे बिनदिक्कत ‘सिमेंटची पुट्टी’ असं उत्तर आलं तर सावध व्हा, चुन्याचा गिलावा मऊ असतो, ओल बाहेर सोडतो, आणि वरचा कडक थर त्याला धरून राहत नाही.) रोज किती माणसं येणार, आणि तुम्ही स्वतः हजर असणार की फक्त सकाळी सोडून जाणार? तिसऱ्याचं उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

सागवानी दारं असतील तर पेंटरला त्यांच्यापासून लांब ठेवा. पॉलिशवाला वेगळा कारागीर असतो. जुन्या सागावर ऑइल पेंट फासलेली दारं पाहिली की जीव हळहळतो.

मोजमाप

जुन्या घरात मोजमाप खोल्यांच्या संख्येवर किंवा कार्पेट एरियावर धरू नका, कारण उंची जास्त असते. प्रत्येक भिंत टेपने मोजा, पेंटरसोबत, त्याच्या समोर.

खोली १२ बाय १० आणि उंची १० फूट धरा. परिघ ४४ फूट, भिंती ४४० चौरस फूट, छत १२०, मिळून ५६०. दार ७ बाय ३ म्हणजे २१, खिडकी ४ बाय ४ म्हणजे १६. ही ३७ वजा केली की ५२३ उरतात. म्हणजे १२० फुटांच्या खोलीला सव्वापाचशे फूट रंग लागतो, हे ऐकून नवखा माणूस दचकतो आणि पेंटर फसवतोय असं समजतो. फसवणूक असलीच तर वजावटीत असते: काही जण दारं-खिडक्या वजा करतच नाहीत, वर त्यांच्या ऑइल पेंटचे पैसे वेगळे लावतात. वजा करायचं की नाही, हे काहीही असो, आधी ठरवा.

माल तपासायलाही हाच आकडा कामाला येतो. नीट पुट्टी केलेल्या भिंतीवर साधं इमल्शन दोन हातांसाठी लिटरला ढोबळ मानाने ६० ते ७० चौरस फूट जातं. वरच्या खोलीला साधारण आठ लिटर. त्या एका खोलीसाठी कुणी वीस लिटरची बादली मागवली तर उरलेली कुठे जाणार हे विचारायला लाजू नका.

चिठ्ठी लिहून घ्या

मालासकट ठेका द्यायचा की फक्त मजुरी द्यायची, हा पहिला फाटा. जुन्या घराला पहिल्यांदाच हात लावत असाल तर माल स्वतः आणावा असं माझं मत. दगदग होते, पण पुट्टीच्या गोणीचं नाव आणि डब्याचं सील तुमच्या डोळ्यांसमोर राहतं. डब्यातलं टोकन किंवा स्कॅन करायचा कोड, म्हणजे कंपनीचं बक्षीस, हा पेंटरचा. तो त्याला देऊन टाका, त्यावरून घासाघीस करू नका. त्याची नजर मात्र ज्या डब्यात टोकन मोठं त्या डब्याकडे वळते, एवढं लक्षात असू द्या.

टिंटिंग मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही, म्हणून थोडा कमीच घ्या. पुन्हा आणायचा झाला तर शेडचा कोड आणि बॅच नंबर लिहून ठेवलेला हवा. बॅच बदलली तर एकाच भिंतीवर दोन डब्यांचा रंग लावू देऊ नका, कोपऱ्यापासून नवा डबा सुरू करा.

चिठ्ठी वकिली नको. वहीच्या पानावर अशी चालेल:

‘हॉल, ५२३ चौ. फूट. जुना चुना व डिस्टेंपर पूर्ण खरवडणे. भेगा रुंद करून भरणे. प्रायमर एक हात, पुट्टी दोन हात, घासणे, परत प्रायमर एक हात, इमल्शन दोन हात. ढिला गिलावा निघाल्यास दोघांनी मोजून वेगळ्या दराने. फरशी झाकणे व शेवटी पुसणे ठेक्यात. रॅबिट (निघालेला मलबा) खाली नेणे व उचलणे ठेक्यात. परांची, शिडी, घोडे पेंटरचे.’

ढिल्या गिलाव्याचं वाक्य सगळ्यात कामाचं. जुन्या भिंतीत आत काय निघेल हे कुणालाच दिसत नाही. पेंटर आधीच भीतीपोटी दर फुगवतो, किंवा कमी दर सांगून अर्ध्या कामात ‘शेठ, पूरा प्लास्टर निकल गया’ म्हणतो. वेगळा दर लिहिलेला असला की दोघांचंही बरं. तुम्ही खडूने केलेले गोल इथे दाखवा.

रॅबिटचंही तसंच. सोसायटीच्या जिन्यात गोण्या पडून राहिल्या की सेक्रेटरीचा फोन तुम्हाला येतो, पेंटरला नाही. कामाची वेळ, लिफ्ट वापरायची की नाही, बाहेरच्या बाजूला झुला लावायचा तर परवानगी, हे सोसायटीच्या ऑफिसात आधीच विचारून घ्या. बाहेरचं काम उंचावर असेल तर सेफ्टी बेल्टशिवाय माणूस चढवायचा नाही, ही अट चिठ्ठीत घाला आणि पहिल्याच दिवशी पाळून घ्या.

पैसे

बयाणा पाव हिश्शाच्या वर नको. दुसरा हप्ता पुट्टी-घासकाम झाल्यावर, तिसरा पहिला हात झाल्यावर, आणि निदान दहा टक्के टचिंग (राहिलेल्या डागांची डागडुजी) झाल्यानंतरच. मधेच ‘लडका गाव जा रहा है’ म्हणून उचल मागितली जाते. खरी गरज असते पुष्कळदा, तर थोडी द्या, पण चिठ्ठीवर तारीख घालून. यूपीआयने दिलेत तर नोंद आपोआप राहते.

काम चालू असताना

वायरिंग बदलायचं असेल, नळाची झिरी मारायची असेल, तर ते सगळं पेंटर येण्याआधी. जुन्या घरात ही चूक इतकी सर्रास होते की रंगाचा वास जायच्या आत इलेक्ट्रिशियन भिंत फोडताना दिसतो. नवा गिलावा केला असेल तर त्यावर पाणी मारून झाल्यावर सुकू द्या. साधारण चार आठवडे लागतात, आणि पेंटर तिसऱ्या दिवसापासून घाई करणार.

खरवडण्याच्या दिवशी घरी थांबा. बाकी रजा वाया घालवू नका, पण त्या दिवशी थांबा. संध्याकाळी आडव्या धरलेल्या टॉर्चचा उजेड भिंतीवर सोडला की कुठे जुना थर राहिला, कुठे पुट्टीला लाट आली, सगळं उघडं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवलं तर लगेच दुरुस्त होतं, रंगानंतर दाखवलं तर वाद होतो.

रंगात पाणी किती घालायचं हे डब्यावर छापलेलं असतं. काठीवरून रंग दुधासारखा ओघळत असेल तर विचारा. एरवी डोक्यावर उभं राहू नका. प्यायला पाणी, हात धुवायला जागा आणि चारच्या चहाची सोय असली की माणसं मन लावून काम करतात. मोझॅक टाइल्स किंवा जुनी शहाबादी फरशी असेल तर प्लास्टिकवर भरवसा न ठेवता खाली जुन्या चादरी किंवा गोणपाट टाकायला लावा, पुट्टीचे डाग अशा फरशीत मुरतात.

घर शहापूर-मुरबाडकडे असेल तर

राहायला ठाण्यात आणि जुनं घर तालुक्याला, अशी पुष्कळ कुटुंबं आहेत. ठाण्याची टोळी न्यायची झाली तर राहण्या-जेवण्याची सोय आणि येण्या-जाण्याचं भाडं तुमच्यावर पडतं, आणि टचिंगसाठी कुणी आसनगाव स्टेशनला उतरून पुढे परत येत नाही. तिथलाच रंगारी धरा. ग्रामपंचायतीची इमारत, शाळा, देऊळ अलीकडे कुणी रंगवलं हे विचारलं की नाव कळतं. त्याला घरातल्या मोठ्यांसमोर बोलवा. भाऊ-दादा म्हणत ठरलेला व्यवहार तिथे कागदापेक्षा जास्त पाळला जातो, तरी चिठ्ठी लिहाच.

मातीच्या भिंती असतील तर पुट्टी-इमल्शनचा हट्ट धरू नका. फोडलेला चुना चांगला भिजवून, गाळून, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालून तीन हात मारले की भिंत मोकळा श्वास घेते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो, पण तो गावात कुणालाही येतो. किचनच्या मागे काजळी धरलेली भिंत असेल तर ती आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या, नाहीतर चुन्यातून पिवळे डाग वर येतात.

हिशेब मिटवताना

शेवटची पाहणी दिवसाउजेडी करा, ट्यूबलाइटखाली नको. दारांच्या वरच्या कडा, खिडकीच्या ग्रिलची मागची बाजू, पंख्याच्या कपभोवतीची जागा आणि स्विचबोर्डच्या कडा बघा. हात तिथेच चुकवला जातो. ग्रिलला रेड ऑक्साइडचा हात खरंच मारला का, हे रंगाच्या आधी बघायचं असतं, आता कळणार नाही. टचिंगची यादी एकदाच द्या. रोज एक डाग शोधून बोलावलं तर चौथ्या वेळी फोन उचलला जात नाही.

उरलेला रंग पेंटरला देऊन टाकू नका. लहान डब्यात काठोकाठ भरून, झाकण घट्ट ठोकून, वर खोलीचं नाव, शेडचा कोड, बॅच आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवा. पेंटरचा नंबरही त्याच डब्यावर लिहा. जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर जुन्या ओलीच्या जागांवर हात फिरवून बघा आणि डाग उमटला असेल तर फोटो काढून त्याला पाठवा. काम ऑक्टोबरनंतरच होईल, पण नंबर त्याच्या वहीत आत्ताच लागलेला बरा.